जुन्या घराची दुरुस्ती हीही घरबांधणीच आहे: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: राहत्या कौटुंबिक घरांची दुरुस्ती व विस्तार यांना ग्रामीण गृहनिर्माण धोरणात स्वतंत्र स्थान देण्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,

ग्रामीण महाराष्ट्रातील घराचा प्रश्न शासनासमोर येतो तो बहुधा दोन रूपांत: ज्या कुटुंबाला पक्के घर नाही त्याच्यासाठी बांधायचे नवे घर, आणि वादळात, पुरात किंवा भूकंपात पडलेल्या घराची भरपाई. या दोहोंच्या मध्ये घरांचा एक फार मोठा वर्ग राहून जातो. तो म्हणजे तीन-चार पिढ्यांनी वापरलेले, अजूनही उभे असलेले, परंतु छप्पर गळू लागलेले, भिंतींना ओल धरलेले आणि वाढत्या कुटुंबाला अपुरे पडू लागलेले राहते घर. अशा घराची दुरुस्ती करणे आणि त्याला लागून एक-दोन खोल्या वाढवणे हा ग्रामीण कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो. तरीही अनुदान, परवानगी, कर्ज आणि तांत्रिक सल्ला या चारही बाबतींत शासकीय रचना प्रामुख्याने नवे घर गृहीत धरून झालेली आहे. दुरुस्ती आणि विस्तार हा घरबांधणीचाच एक स्वतंत्र प्रकार मानला जावा, आणि तो तसा मानला जात नसल्यामुळे बेताच्या खर्चात आणखी एक-दोन पिढ्या टिकू शकणारे घर पाडण्याकडे कुटुंबे ढकलली जातात याची दखल आपल्या विभागाने घ्यावी, एवढेच प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन हवेत राहू नये म्हणून येथे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील चिरेबंदी कौलारू घराचा आधार घेतला आहे. जांभा हा कोकणातील सड्यांवर मिळणारा, लोहाचे प्रमाण अधिक असलेला, सच्छिद्र तांबडा दगड. खाणीत तो तुलनेने मऊ असतो आणि हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो, म्हणून त्याचे चौकोनी ठोकळे, म्हणजेच चिरे, कापून भिंती रचता येतात. या भिंती जोत्यावर, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेल्या चौथऱ्यावर, उभ्या असतात. मध्यभागी माजघर, पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर आणि कडेने पडवी अशी सर्वसाधारण मांडणी असते. छपराच्या शिखरावर आडवे बसवलेले लाकूड म्हणजे आढे, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर ठोकलेल्या रिपा आणि रिपांवर कौले, असा छपराचा सांगाडा असतो. ही कौले पूर्वी गावच्या कुंभाराने घडवलेली नळीची असत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर एकमेकांत अडकणारी चपटी मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेली आणि अनेक घरांची छपरे त्यानुसार बदलली. एका बाजूची पडवी बंदिस्त होऊन तिची खोली झाली, कोठीचे शयनगृह झाले, परसातील न्हाणीघर घराला येऊन मिळाले. तात्पर्य, हे घर एकदा बांधून संपले असे कधीच नव्हते. पिढीगणिक बदलणे आणि वाढणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे, आणि आज हाच स्वभाव नियमांत बसत नाही.

दुरुस्तीच्या कामात प्रगती कशाला म्हणावे हे पाण्यावरून ठरते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात घराचे बहुतेक आजार छपरातून, भिंतीच्या पायथ्यातून किंवा पागोळ्यांच्या पाण्यातून सुरू होतात. म्हणून आधी छप्पर, मग जोत्याभोवतीचा पाण्याचा निचरा, त्यानंतर भिंती आणि सर्वांत शेवटी फरशी व रंग, हा क्रम जाणते सुतार आणि गवंडी सांगत आले आहेत. परंतु कुटुंबाचा पैसा टप्प्याटप्प्याने येतो आणि प्रथम खर्च होतो तो जे डोळ्यांना दिसते त्यावर. ओटीला नवी फरशी बसते, भिंतींना रंग लागतो आणि पुढच्या आषाढात तोच रंग पोपडे धरून गळून पडतो. छपराचे काम काढले की दुसरी अडचण उभी राहते: कौले उतरल्याशिवाय वाशांची खरी स्थिती कळत नाही, आणि भिंतीत रुतलेली वाशांची टोके कुजलेली किंवा वाळवीने पोखरलेली निघाली की आरंभी धरलेला अंदाज कोलमडतो. अशा वेळी कुजलेला भागच कापून तेथे नव्या लाकडाचा सांधा देणारा सुतार मिळाला, तर मूळ सागवान किंवा किंजळ वाचते. तो न मिळाल्यास संपूर्ण सांगाडा काढून लोखंडी कैची, म्हणजे त्रिकोणी आधारांची चौकट, आणि तिच्यावर पत्रे चढवले जातात. पत्र्याने गळती थांबते हे खरे, परंतु उन्हाळ्यातील उष्णता, पावसातील आवाज आणि वाऱ्याचा दाब यांची योग्य तजवीज न केल्यास एका दोषाच्या जागी तीन दोष येतात.

भिंतींच्या बाबतीतील माघार अधिक सावकाश होते आणि म्हणूनच अधिक महाग पडते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो जमिनीतील आणि पावसाचे पाणी काही प्रमाणात शोषतो, आणि कोरड्या ऋतूत ते पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जावे लागते. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ही वाफ जाऊ शकत असे. भाजलेल्या चुनखडीपासून किंवा शिंपल्यांपासून केलेला चुना पाण्यात विरवला जातो आणि भिंतीवर चढल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होतो, तरी त्याची सच्छिद्रता टिकून राहते. ओल दिसली की त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवण्याची आजची सर्रास पद्धत या क्रियेला खीळ घालते. आत अडकलेले पाणी वर चढत जाते, क्षार पृष्ठभागावर येऊन फुलतात, गिलावा पोकळ वाजू लागतो आणि काही पावसाळ्यांनी संपूर्ण थर सुटतो. कुटुंबाला वाटते की भिंतच जुनी झाली. वस्तुतः तिच्यावर केलेला उपचार चुकलेला असतो. सिमेंट हे वाईट साहित्य आहे असा याचा अर्थ नाही. नव्या बांधकामात त्याचे स्थान निर्विवाद आहे. परंतु जुन्या भिंतीची दुरुस्ती हे वेगळे शास्त्र आहे आणि ते शिकवणारी सोय आज तालुक्याच्या पातळीवर सहसा सापडत नाही.

विस्ताराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. वृद्ध माणसांना रात्री अंगण ओलांडून शौचालयात जावे लागू नये, मुलांना अभ्यासाला जागा मिळावी, मुंबई-ठाण्याहून गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या कुटुंबांची सोय व्हावी, या गरजा रास्त आहेत. त्या भागवण्याचा सर्वांत सोपा दिसणारा मार्ग म्हणजे मूळ छपराचाच उतार पुढे वाढवून त्याखाली खोली काढणे. पण उतार जितका पुढे जातो तितकी वळचण खाली येते आणि दरवाजाला उंची उरत नाही. उंची मिळावी म्हणून उतार कमी केला, तर वाऱ्याच्या झोताने पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटे आत शिरते. नव्या खोलीला स्वतंत्र छप्पर दिले तर दोन उतार जेथे मिळतात तेथे पाणी साठणारी खोबण तयार होते आणि तेथील पत्र्याची पन्हळ अरुंद असल्यास नेमकी तीच जागा गळते. त्याशिवाय जुनी भिंत अनेक दशकांपूर्वीच जमिनीत बसलेली असते, तर नवी भिंत पहिल्या काही पावसाळ्यांत बसत जाते; दोन्ही एकमेकींत घट्ट बांधल्यास सांध्यावर उभी भेग पडते. म्हणून जाणकार दोहोंमध्ये जाणीवपूर्वक मोकळा सांधा ठेवून तो पाणी शिरणार नाही असा झाकतात, नव्या भिंतीचा पाया जुन्या पायाच्या पातळीशी जुळवतात आणि जुन्या भिंतीलगतचा चर एकाच वेळी सलग न खणता तुकड्यातुकड्याने खणतात. या गोष्टी खर्चिक नाहीत, परंतु त्या वेळेवर सांगणारे कोणी नसेल तर विस्ताराने मूळ घरच धोक्यात येते. चिऱ्यांच्या जुन्या भिंतींवर तपासणीशिवाय काँक्रीटची गच्ची टाकणे हा याच अज्ञानाचा सर्वांत गंभीर प्रकार होय. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या प्रदेशाने अनुभवला, तेथे भिंतींना आडवे बांधणारा पट्टा नसताना माथ्यावर एवढे वजन ठेवणे योग्य नाही.

या सर्व कामाला ऋतूचे कुंपण आहे. पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास काम सुरू होते आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी छप्पर बंद व्हावेच लागते. या मुदतीत पैसा, चिरे, लाकूड, सुतार आणि परवानगी या पाचही गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांपैकी एक जरी महिना-दीड महिना उशिरा आली तरी संपूर्ण वर्ष वाया जाते, उघडे पडलेले लाकूड आणि भिंती ताडपत्रीखाली पावसाळा काढतात आणि पुढच्या हंगामात आधीचेच काम पुन्हा करावे लागते. प्रशासनाच्या दृष्टीने जो विलंब किरकोळ, तो दुरुस्तीच्या कामात अनेकदा निर्णायक ठरतो.

आता कागदपत्रांकडे वळणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या आकारणी नोंदवहीत घराची नोंद असते, परंतु ती करआकारणीसाठी असते. मालकीचा निर्णायक पुरावा म्हणून ती पुरेशी ठरत नाही. गावठाण म्हणजे गावाच्या वस्तीसाठी राखलेले क्षेत्र; तेथील घरांखालच्या जमिनींना शेतजमिनीप्रमाणे सातबारा नसतो, आणि ही उणीव दूर करण्यासाठी ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम महाराष्ट्रात हाती घेण्यात आले, तर २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र कोकणातील वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली असल्याने पुष्कळ घरे गावठाणाबाहेर, सामाईक सातबारा असलेल्या जमिनींवर उभी आहेत, आणि त्या सातबाऱ्यावर निधन पावलेल्या पूर्वजांसह अनेक वारसांची नावे आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. हा न्याय्य बदल आहे आणि तो नोंदींत उतरलाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला कर्ज किंवा परवानगीसाठी सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीचे कागद मागितले जातात, तेव्हा ते गोळा होईपर्यंत बांधकामाचे दोन-तीन हंगाम निघून जाऊ शकतात. राहत्या घराचे छप्पर वाचवल्याने कोणाच्याही हिश्श्याला बाध येत नाही. उलट सर्वांचीच मालमत्ता टिकते. हा भेद कार्यपद्धतीत कोठेही स्पष्ट केलेला दिसत नाही.

परवानगीच्या बाबतीत रंगरंगोटी, गिलावा किंवा कौले बदलणे यांसारख्या कामांना नियमांत सूट आहे, तर बांधीव क्षेत्र वाढवणाऱ्या कामाला परवानगी लागते, आणि हे तत्त्वतः योग्यच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मध्ये बांधकामावरील नियंत्रणाची तरतूद आहे, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील नियमही लागू होतात. अडचण मधल्या कामांची आहे: कुजलेला सांगाडा बदलताना भिंतीची उंची दोन थरांनी वाढवणे, मागची पडवी बंदिस्त करून तेथे शौचालय काढणे, खचलेली एक भिंत त्याच जागी पुन्हा रचणे. ही दुरुस्ती की नवे बांधकाम, याचे उत्तर व्यवहारात गावोगावी वेगळे मिळू शकते. समुद्रकिनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेची भर पडते. ती पूर्वीपासूनच्या अधिकृत घराची त्याच जोत्यावर आणि त्याच क्षेत्रफळात दुरुस्ती करू देते, परंतु घर अधिकृत असल्याचे सिद्ध करण्यासाठी पुन्हा त्याच अपुऱ्या नोंदींकडे यावे लागते.

अर्थसाहाय्यातील असमतोल अधिक ठळक आहे. २०१६ पासून राबवल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत किमान २५ चौरस मीटर क्षेत्राच्या नव्या घरासाठी सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १.३० लाख रुपये एवढे मूळ एकक साहाय्य ठरवण्यात आले. पात्रतेसाठी घर कच्चे की पक्के हे मुख्यतः भिंत आणि छप्पर कोणत्या साहित्याचे आहे यावरून ठरते; त्यामुळे चिऱ्याच्या भिंती आणि कारखान्यातील कौले असलेले घर कितीही गळत असले तरी ते पक्केच मानले जाते. तिच्या आधीच्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेसाठी तरी काही तरतूद होती. शहरांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत तर अस्तित्वातील घरात किमान ९ चौरस मीटर चटई क्षेत्राची वाढ करण्यासही साहाय्य देण्याची सोय होती. म्हणजे विस्तार ही कल्पना शासनाला अपरिचित नाही. ती शहरी कुटुंबासाठी मान्य झाली आणि ग्रामीण कुटुंबासाठी राहून गेली. करकायद्यातही हाच कल दिसतो: आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार स्वतः राहण्याच्या घराच्या खरेदीसाठी किंवा बांधणीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावरील वजावटीची मर्यादा २ लाख रुपये, तर दुरुस्तीच्या कर्जासाठी ती केवळ ३० हजार रुपये राहिली. आपत्तीच्या वेळी मिळणाऱ्या मदतीत अंशतः नुकसानीसाठी घराचे किमान १५ टक्के नुकसान झालेले असावे असा निकष आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले, तेव्हा उडालेल्या कौलांमागे आधीच जीर्ण झालेले वासे आणि सैल रिपा होत्या अशी घरे थोडी नसावीत. ज्या डागडुजीला आधी साहाय्य मिळत नाही, तिच्या अभावाची किंमत नंतर भरपाईच्या रूपाने शासनच मोजते.

मंत्रिमहोदय, हे काम महाराष्ट्राला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना आठवते. परंतु त्याच पुनर्वसन कार्यक्रमात दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती, मजबुतीकरण किंवा पुनर्बांधणी मालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली केली, हे फारसे सांगितले जात नाही. कामाच्या प्रगतीनुसार हप्ते, अभियंत्यांचा सल्ला आणि घरमालकांशी बोलण्यासाठी गावोगावी संवाद साहाय्यक, अशी ती रचना होती; त्यांत गावातील स्त्रियांचा सहभाग होता, कारण घरात कोठे गळते आणि कोणती भिंत फुगली आहे हे त्यांना सर्वांत आधी ठाऊक असते. जुन्या दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधणीचे दगड कसे बसवावेत, दरवाजे-खिडक्यांच्या वर आडवा पट्टा कसा द्यावा, याचे शास्त्र भारतीय मानकांतही उपलब्ध आहे. आपत्तीनंतर जे करता आले, ते आपत्तीची वाट न पाहता करणे शक्य आहे.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, दुरुस्तीच्या नावाखाली अनधिकृत बांधकामे वाढतील. परंतु आजच्या संदिग्धतेतच ती वाढतात. कामाच्या आधीचा आणि नंतरचा साधा नकाशा व छायाचित्रे ग्रामपंचायतीच्या दप्तरी असल्यास गैरवापर उघड करणे सोपे जाईल. दुसरा आक्षेप असा की, काही घरे इतकी जीर्ण असतात की ती वाचवणे धोक्याचे ठरते. हे पूर्णतः खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येक जुने घर टिकवावे असा आग्रह या पत्रात नाही. भिंत ओळंब्याबाहेर झुकली असेल, पाया खचला असेल किंवा चिरे भुसभुशीत झाले असतील, तर घर उतरवणे हाच योग्य निर्णय होय. मात्र तो निर्णय जाणकाराच्या तपासणीनंतर व्हावा, अनुदान केवळ नव्या घराला मिळते म्हणून होऊ नये.

वरील विवेचनाच्या आधारे आपल्या विभागाकडे पाच मागण्या केल्या जात आहेत. पहिली, राज्याच्या ग्रामीण घरकुल योजनांत दुरुस्ती व विस्तार हा स्वतंत्र घटक समाविष्ट करावा. त्यात छप्पर, पाण्याचा निचरा आणि भिंतींची मजबुती यांना प्राधान्य असावे, घराची पात्रता साहित्यावरून न ठरवता प्रत्यक्ष स्थितीवरून ठरवावी, आणि केंद्राच्या योजनेतही असा घटक यावा यासाठी राज्याने पाठपुरावा करावा. दुसरी, कोणते काम किरकोळ दुरुस्ती, कोणते मोठी दुरुस्ती आणि कोणते विस्तार, याची उदाहरणांसह मराठीत यादी करून ती प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी, आणि मोठ्या दुरुस्तीच्या अर्जांवर दिवाळीपूर्वी निर्णय देण्याचे बंधन असावे. तिसरी, त्याच जोत्यावरील दुरुस्तीसाठी सर्व सहहिस्सेदारांची संमती न मागता, कोणाच्याही मालकी हक्कावर परिणाम होणार नाही अशा लेखी हमीपत्रावर व जाहीर सूचनेवर परवानगी देण्याची पद्धत महसूल विभागाशी विचारविनिमय करून आखावी, तर विस्तारासाठी संमतीची अट कायम ठेवावी. चौथी, घरकुल योजनेसोबत चालणाऱ्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात चुन्याचे काम, जांभ्याच्या भिंतींची दुरुस्ती, लाकडाचे सांधे आणि जुन्या-नव्या बांधकामाची जोडणी यांचा समावेश करावा, आणि अजून हाती कसब असलेल्या वयस्क कारागिरांना तेथे मानधनावर शिक्षक म्हणून बोलवावे. पाचवी, प्रत्येक पंचायत समितीत जुन्या घरांची पाहणी करून लेखी सल्ला देणारा किमान एक प्रशिक्षित अभियंता असावा, आणि पाहणीचे काम शक्यतो पाऊस सुरू असतानाच करावे, कारण घराचे दोष तेव्हाच स्पष्ट दिसतात.

या मागण्यांपैकी एकीसाठीही नवे खाते किंवा मोठी यंत्रणा उभारावी लागत नाही. आहे त्या यंत्रणेने उभे घर हेही आपल्या कामाचे क्षेत्र मानावे लागते. घर नसलेल्या कुटुंबाचा हक्क प्रथम आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. परंतु ज्यांनी स्वतःच्या कष्टाने घर पिढ्यान्‌पिढ्या उभे ठेवले, त्यांना ते अर्धवट दुरुस्त अवस्थेत सोडून देण्याची किंवा कर्ज काढून पाडण्याची वेळ येऊ नये, एवढी अपेक्षा लोककल्याणकारी राज्याकडून करणे अवाजवी नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या तरतुदी ठरवताना दुरुस्ती व विस्तार या घटकासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष निर्माण करावे आणि त्याची सुरुवात कोकणातील प्रत्येक जिल्ह्यातील एका तालुक्यापासून करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,

ग्रामीण घरबांधणीचा एक अभ्यासक